नागपूरच्या उन्हाला पुरून उरेल असं मोटारहोम: जुन्या बंद व्हॅनवरचं कमी खर्चातलं काम, पायरीपायरीनं

26 मेच्या आसपास नागपुरात भरदुपारी सरळ उभ्या खांबाची सावली त्याच्या बुडाशीच विरून जाते. सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि त्याच दिवसांत नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो. 23 मे 2013 ला याच शहरात पारा 47.9 अंशांवर गेला होता. अशा उन्हात उभ्या असलेल्या बंद पत्र्याच्या गाडीचं छत हाताला चटका देतं आणि आतली हवा भट्टीसारखी होते. व्हॅनचं मोटारहोम करण्याबद्दल जे काही वाचायला-बघायला मिळतं, ते बहुतेक थंड देशांतलं असतं. तिकडे आतली ऊब बाहेर जाऊ द्यायची नसते. आपल्याला बाहेरची आग आत येऊ द्यायची नाही. म्हणून माझ्या मते इथल्या कामाचा क्रम एकच आहे: आधी ऊन, मग वजन, आणि फर्निचर सगळ्यात शेवटी.

मी टाटा विंगर कार्गो घेतली, चार वर्षं पार्सलची ने-आण केलेली. गाडीची किंमत सोडून आतल्या कामाला 1 लाख 73 हजार रुपये लागले. त्यातले 62 हजार एकट्या विजेच्या कामाचे. सुतारकाम स्वतः केलं. वायरिंग तपासायला आणि पत्र्याच्या कामाला हिंगण्याच्या एमआयडीसीतले एक ओळखीचे मिस्त्री होते.

कागद आधी, पाना नंतर

हे काम कंटाळवाणं आहे, पण याच्याशिवाय पुढे जाऊ नका. मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 52 सांगतं की नोंदणीपत्रातल्या आणि उत्पादकानं ठरवलेल्या तपशिलांशी जुळणार नाही असा बदल मालकानं गाडीत करू नये. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठामपणे सांगितलं. खिडकी कापणं, छत उंच करणं, जास्तीची सीट बसवणं ही सगळी कामं यात येतात. मालवाहू म्हणून नोंदलेल्या गाडीच्या मागच्या भागात माणसं बसवून गाडी चालवता येत नाही, मग मागे कितीही छान गादी असो.

गाडीची रीतसर नोंद मोटार कॅराव्हॅन म्हणून करायची असेल, तर त्यासाठी एआयएस-124 हे स्वतंत्र मानक आहे. तो मार्ग व्यवस्थित आहे, पण कमी खर्चाचा नाही. मी दुसरी वाट धरली: गाडीचा पत्रा कुठेही कापायचा नाही, बॉडीला वेल्डिंग करायचं नाही, आतलं सगळं सामान बोल्ट काढून उतरवता येईल असं ठेवायचं. प्रवासात आम्ही दोघं पुढच्याच सीटवर बसतो, झोपणं फक्त गाडी उभी असताना. तरीही काम सुरू करण्याआधी आपल्या गाडीच्या आरटीओत जाऊन नेमकं काय करणार ते कागदावर दाखवा आणि विचारा. नागपुरात एमएच-31, एमएच-49 आणि ग्रामीणचं एमएच-40 अशी वेगवेगळी कार्यालयं आहेत. ज्याची पाटी गाडीवर आहे तिथेच जा. विमा कंपनीलाही लेखी कळवा. न कळवलेला बदल अपघातानंतर दावा अडवायला पुरेसा ठरू शकतो.

गाडी निवडताना

बजेट अगदीच कमी असेल तर मारुती ईको बघा. दोघांची झोपायची सोय होते, सुटे भाग कुठेही मिळतात. पण तिचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, त्यामुळे लांबच्या प्रवासानंतर पुढचा भाग बराच वेळ तापलेला राहतो. आत उभं राहता येणं महत्त्वाचं वाटत असेल तर विंगर किंवा फोर्स ट्रॅव्हलरची डिलिव्हरी व्हॅन. टेप घेऊन जा आणि छताच्या उंचीतून पाच सेंटिमीटर वजा करून मगच स्वतःची उंची ताडून बघा, कारण इन्सुलेशन आणि आतलं आवरण तेवढी जागा खातात.

जुनी गाडी भरदुपारी बघायला जाऊ नका, सकाळी जा आणि जमिनीवरची मॅट उचलायला सांगा. गंज तिथे, चाकांच्या कमानींत आणि मागच्या दाराच्या खालच्या कडेला असतो. गाडी घेतल्यावर पहिलं काम म्हणजे पाइप लावून वीस मिनिटं छतावर पाणी सोडणं, आणि एका माणसानं आत टॉर्च घेऊन बसणं. गळती आता सापडली तर शंभर रुपयांच्या सीलंटचं काम आहे. जुलैत प्लायवूडच्या मागे सापडली तर सगळं उखडावं लागतं. गंज तारेच्या ब्रशनं घासून काढा, प्राइमर मारा, वर रंगाचा हात द्या आणि पूर्ण सुकू द्या.

ऊन अडवण्याचं काम

सूर्य डोक्यावरून येतो, म्हणजे मार सगळा छताला बसतो. पैसे कमी असतील तर भिंतींवर हात आखडता घ्या, छतावर नको.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे गाडीचं छत पांढरं असणं. त्यानंतर सावली. सोलर पॅनेल छताला चिकटवून न बसवता आठ-दहा सेंटिमीटर वर उचलून बसवलं, तर ते वीजही देतं आणि छत्रीचं कामही करतं. खालून वारा खेळतो, पॅनेलही कमी तापतं. माझ्या गाडीच्या छताच्या कडेला पन्हळ आहे, तिलाच क्लँपनं पट्ट्या धरून पॅनेल बसवलं, छताला एकही भोक पाडलं नाही. कॅरियरबद्दलही आरटीओत विचारून घ्या. आणि गाडीची नवी उंची कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. रेल्वेच्या अंडरब्रिजखाली ती आठवत बसायची वेळ येऊ नये.

आतून मी फॉइल लावलेली नाइट्राइल रबरची शीट वापरली. एसीच्या डक्टचं काम करणारे हीच वापरतात, त्यामुळे त्यांच्या पुरवठादारांकडे ती सुटी मिळते. छताला 25 मिलिमीटर, भिंतींना 13. काचलोकर टाळा: गाडीच्या हादऱ्यांनी ती खाली बसते, पावसाळ्यात ओल धरते आणि तिचे तंतू झोपायच्या जागेत उडतात. थर्माकोल स्वस्त आहे, पण करकरतो आणि पेट लवकर घेतो.

चिकटवण्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे माझं काम एकदा वाया गेलं. फेब्रुवारीत मी साधा रबर सोल्यूशन वापरून सगळं छत मढवलं. छान बसलं होतं. मे महिन्यात एका दुपारी सरकतं दार उघडलं तर अर्ध्या शीटा छतापासून सुटून मधोमध झोळीसारख्या लोंबत होत्या, आणि गोंदाचे पिवळे धागे ताणलेले दिसत होते. मिस्त्री आत डोकावून म्हणाले, "भाऊ, हे गोंद फर्निचरचं आहे. पत्रा किती तपते ते तुम्ही पाहूनच नाही राहिले!" त्यांनी तापमान मोजायची बंदूक छतावर धरली. उघड्या पत्र्याचा आकडा 68 होता. साधं सोल्यूशन त्याच्या आसपास मऊ पडतं.

म्हणून: गोंद घेताना डब्यावर तो किती अंशांपर्यंत टिकतो ते वाचा, 80च्या वरचाच घ्या. पत्रा थिनरनं पुसून तेलकटपणा काढा. गोंद पत्र्यालाही लावा आणि शीटलाही, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबा, मग मधून कडेकडे दाबत न्या. काम पहाटे किंवा सावलीत करा, दारं उघडी ठेवा, वास डोक्यात जातो. आणि फक्त गोंदावर विसंबू नका. छताला आडव्या लोखंडी बरगड्या असतात, त्यांत कारखान्यातूनच पाडलेली भोकं असतात. त्यांत रिव्हेट नट (पत्र्याच्या भोकात घट्ट बसणारे आट्यांचे नट) बसवा आणि ॲल्युमिनिअमच्या पातळ पट्ट्यांनी आवरण वर धरून ठेवा. बरगड्यांवरही पाच-सहा मिलिमीटरची शीट गुंडाळायला विसरू नका. उघडी राहिलेली लोखंडी बरगडी उष्णता सरळ आत घेऊन येते.

पुढची काच हे दुसरं मोठं दार आहे उन्हाचं. तिला बाहेरून झाकणारा चांदीच्या रंगाचा पडदा शिवून घ्या. आतून लावलेला पडदा निम्मंच काम करतो, कारण तोवर ऊन काचेतून आत आलेलं असतं.

हवा आणि कूलर

इन्सुलेशन उष्णता यायला उशीर लावतं, आत आलेली उष्णता घालवत नाही. दोन माणसं, स्वयंपाक आणि बंद दारं एवढ्यानंही आत कोंदट होतं. छतात पंखा बसवणं सगळ्यात परिणामकारक, पण पत्रा कापावा लागतो. माझी जुळणी अशी: क्लीनरच्या बाजूची काच एक वीत खाली करून त्या फटीत नेमका बसेल असा एसीपीचा (दोन पातळ ॲल्युमिनिअम पत्र्यांमध्ये प्लास्टिक असलेल्या शीटचा) तुकडा कापला आणि त्यात संगणकाचे 12 व्होल्टचे, 120 मिलिमीटरचे चार पंखे बाहेर हवा फेकतील असे बसवले. मागे जाळी लावलेली आहे, तिथून हवा आत येते. चारही पंखे मिळून एका छोट्या बल्बइतकीच वीज खातात. प्रवासाला निघताना तुकडा काढून गादीखाली सरकवतो.

आणि नागपूरकराला सांगायला नको, मे महिन्यात कूलर. 12 व्होल्टवर चालणारा 60 वॉटचा छोटा कूलर सरकत्या दाराच्या फटीत ठेवा, तोंड आत, पाठ बाहेरच्या कोरड्या हवेकडे. घरातल्या कूलरचाच नियम इथेही: हवा बाहेर जायला वाट हवी, नाहीतर अर्ध्या तासात आत दमट होतं. समोरचे चार पंखे तीच वाट देतात. कूलरची घास काढून मी वाळा भरला. पहिल्या झुळकीलाच गाडीत ओल्या मातीचा वास येतो आणि दिवसभराचा शीण उतरतो. रात्रभरात 15 ते 20 लिटर पाणी जातं, त्याचा हिशेब पाण्याच्या साठ्यात धरा. पाऊस सुरू झाला की कूलर घरी ठेवून द्या. दमट हवेत तो फक्त ओल वाढवतो, तेव्हा नुसते पंखेच बरे.

वीज

आधी वहीत रोजचा खर्च मांडा. आमचा असा आहे: 20 वॉटचे दोन पंखे दहा तास, म्हणजे 400 वॉट-तास. कूलर पाच तास, 300. दिवे 60, मोबाइल आणि लॅपटॉप 100. एकूण 860. यासाठी 12.8 व्होल्ट, 100 ॲम्पिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी पुरते, तिच्यात 1280 वॉट-तास असतात. घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी स्वस्त पडते, पण ती निम्म्याच्या खाली उतरवू नये, वजन 50 किलोच्या वर जातं आणि चार्ज होताना हायड्रोजन सोडते. झोपायच्या जागेत ती मला नको होती.

लिथियमलाही उन्हाची भीती आहे. फार तापलेल्या अवस्थेत चार्ज केली तर तिचं आयुष्य कमी होतं. किती अंशांपर्यंत चालेल ते तिच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं. तिला पत्र्याच्या भिंतीला खेटून ठेवू नका, मधल्या भागात, जमिनीलगत, हवा लागेल अशी ठेवा.

छतावर 335 वॉटचं पॅनेल आहे. कागदावरचा आकडा 25 अंशांचा असतो. त्याच्या वर दर अंशाला साधारण 0.4 टक्के वीज कमी होते, म्हणजे मे महिन्यात 65 अंशांवर तापलेलं पॅनेल सहावा हिस्सा वीज गमावतं. बाकीची गळती धरूनही चांगल्या दिवशी हजार वॉट-तासांच्या वर मिळतात. पावसाळ्यासाठी इंजिन चालू असताना चार्ज करणारा डीसी-डीसी चार्जर लावला. अल्टर्नेटरला (इंजिनवर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राला) बॅटरी थेट जोडू नका, लिथियम बॅटरी इतकी वीज ओढते की अल्टर्नेटर जळू शकतो.

वायरीत काटकसर नको. 20 ॲम्पिअरच्या लाइनला तीन मीटर अंतरासाठी 6 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्या. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभराच्या आत मुख्य फ्यूज हवाच. जिथे वायर पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे वायर कडेला घासू नये म्हणून भोकात बसवायची कडी. इंडक्शन शेगडीचा विचार सोडा. 1500 वॉट म्हणजे 12 व्होल्टवर सव्वाशे ॲम्पिअर, आणि त्यासाठी लागणारा इन्व्हर्टर, वायर नि बॅटरी मिळून सगळं बजेट खातील. फ्रिजही मी घेतला नाही. जाड भिंतींचा बर्फाचा डबा आणि वाटेत मिळणारी बर्फाची लादी यावर दोन दिवस दूध-भाजी नीट राहते.

लाकूड आणि वजन

प्लायवूड लकडगंजमध्ये, कब्जे, बोल्ट, रिव्हेट नट इतवारीच्या लोहाओळीत. एका फेरीत सगळं आणायचं ठरवू नका, काम पुढे जाईल तसं मोजमाप बदलतं.

घरचे सुतार 19 मिलिमीटरचा प्लाय सुचवतील. आठ बाय चारची तशी एक शीट 35 किलोच्या आसपास भरते, 12 मिलिमीटरची 22 किलो. गाडीत 12 पुरतो, आणि बरेच ठिकाणी ॲल्युमिनिअमच्या पार्टिशनच्या सेक्शनची चौकट करून वर एसीपी लावलं तर त्याहून हलकं होतं. प्लाय पाण्यात टिकणारा, बीडब्ल्यूपी, घ्या. कापलेल्या कडांना दोन हात सीलर लावा. ओल कडेतूनच शिरते.

आमची मांडणी साधी आहे. मागे आडवा पलंग, त्याखाली दोन खोकी, सरकत्या दाराजवळ ओटा. पलंगाला अखंड फळी नाही, बोटभर फटींच्या पट्ट्या आहेत, म्हणजे गादीखाली हवा खेळते आणि पावसाळ्यात बुरशी धरत नाही. प्रत्येक खोकं जमिनीवरच्या सामान बांधायच्या कड्यांना आणि बरगड्यांच्या तयार भोकांना बोल्टनं धरलं आहे. जमिनीत नवं भोक पाडायची वेळ आलीच तर आधी गाडीखाली आडवं होऊन बघा: डिझेलची टाकी, ब्रेकचे पाइप, वायरिंग तिथेच असतं. प्रत्येक बोल्टला नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, हादऱ्यांनी सहज न सुटणारा. प्रत्येक दाराला दाबून बसणारी कडी. चुंबक आपल्या रस्त्यांवर टिकत नाही.

पाणी आणि चूल

पाण्यासाठी 20 लिटरचे दोन कॅन, तळाशी, दोन्ही बाजूंना एकेक. नळाला पंप हवा, आणि इथे विदर्भात असल्याचा फायदा होतो. कपाशीवर फवारणी करायच्या बॅटरीच्या पंपात 12 व्होल्टची डायफ्रॅम मोटर असते. कृषी केंद्रात ती सुटी, कोरी मिळते आणि परदेशी कॅम्पिंगच्या पंपापेक्षा कितीतरी स्वस्त असते. कोरीच घ्या. एकदा औषध गेलेली मोटर कितीही धुतली तरी पिण्याच्या पाण्याला लावायची नाही. ओट्याखालचं सांडपाणी वेगळ्या कॅनमध्ये साठवा, जंगलाच्या कडेला रस्त्यावर सोडू नका.

स्वयंपाक आम्ही बाहेर करतो, घडीच्या टेबलावर, 5 किलोच्या सिलिंडरवर. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर जमिनीलगत साठतो आणि वास नाकापर्यंत पोहोचायला उशीर होतो. सिलिंडर आत ठेवायचा असेल तर त्याच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारी वाट हवी. मे महिन्यात उन्हात बंद केलेल्या गाडीत सिलिंडर कधीही सोडून जाऊ नका. अग्निशामक दाराजवळ, पलंगावरून हात पोहोचेल असा.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मालवाहू व्हॅनच्या मागच्या दाराला अनेकदा आतून कडीच नसते, कारण आत माणूस असेल असं कुणी धरलेलंच नसतं. तुमच्या गाडीत आत बसा, कुणाला तरी दार बाहेरून लावायला सांगा आणि उघडून बघा. उघडत नसेल तर आतल्या यंत्रणेला दोरी किंवा मूठ जोडून घ्या, आणि तोवर त्या गाडीत एकही रात्र झोपू नका.

धरमकाटा आणि पहिली रात्र

सगळं भरलं, पाण्याचे कॅन भरले, डिझेल भरलं की गाडी धरमकाट्यावर न्या. कळमन्याच्या बाजूला बरेच आहेत. आधी पूर्ण गाडीचं वजन घ्या, मग फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. नोंदणीपत्रातल्या एकूण वजनाशी ताडून बघा. माझा पहिला पलंग 19 मिलिमीटरचा होता. एकूण वजन मर्यादेत होतं, पण मागचा भार जास्त भरला आणि पुढचं स्टिअरिंग हलकं लागत होतं. पलंग काढून नव्यानं केला, बॅटरी पुढे सरकवली, मग गाडी नीट धरून चालायला लागली.

पहिली रात्र घरापासून फार लांब नको. आम्ही मनसरवरून रामटेकला गेलो, शहरापासून 50 किलोमीटरच्या आसपास. तलावाच्या बाजूला मुक्कामाची आधी परवानगी विचारली, कारण पेंचच्या जंगलाचा भाग तिथून जवळ आहे आणि वनक्षेत्रात कुठेही गाडी लावून राहता येत नाही. समृद्धी महामार्गाच्या कडेला थांबून झोपायचा विचारही करू नका, तिथे गाड्या 120च्या वेगानं जातात. थांबायचं ते सेवा केंद्रातच.

रात्री वही जवळ ठेवली होती. किती वाजता कूलरचं पाणी संपलं, पहाटे बॅटरी किती उरली, कुठला बोल्ट वाजत होता, कुठे डोकं आपटलं. सकाळी परत निघण्याआधी पाना घेऊन प्रत्येक नट तपासला. 48 पैकी 5 ढिले झाले होते, पाचही मागच्या डाव्या खोक्याचे. त्या खोक्याखाली रबराची पट्टी घालायची राहिली होती.